सीलचा दात

निशी-कसाई, तोक्यो
१० डिसेंबर २०२४

नयनाताई, नमस्कार.

खोक्यात भाजणी वर आहे, चिवड्याचा डबा तळाला, आणि मधे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मेतकूट. ते सांडलं असेल तर कुरिअरवाल्यांना बोल लावू नका, पिशवीची गाठ मीच घाईत मारली आहे.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. मागच्या वर्षी आला होतात, म्हणून यंदा आम्ही धरूनच चाललो होतो. शिरीष पाहुण्यांसमोर म्हणाला, "निशी-कसाईत आता हापूससुद्धा मिळतो, माझी सख्खी बहीण तेवढी मिळत नाही." सगळे हसले. पण नंतर ताटं आवरताना शिरीषने मला विचारलं, "तुझं आणि ताईचं काही झालंय का?" मी नाही म्हटलं. झालंय का, ताई? फोनवर हे विचारता येत नाही. आमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि रविवारी पुण्याहून आईही त्यात असतात. म्हणून खोक्यात चिठ्ठी घालायची ठरवली आणि चिठ्ठीचं हे असं पत्र झालं.

माझं सुपरमार्केटातलं पार्ट-टाइम चालू आहे. भाजीच्या विभागात. अर्धा कोबी, पाव भोपळा, वर प्लॅस्टिक, वर लेबल. ओवी शाळेतून यायच्या आत मी घरी असते. ओवी आता माझ्याशी मराठीत फक्त भांडते, बाकी सगळं जपानीत. तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय, पेंग्विनला ताप येतो का, आणि आला तर थर्मामीटर कुठे लावतात. आत्या ध्रुवावरच्या प्राण्यांची डॉक्टर आहे असं तिने वर्गात सांगितलंय. आता तिची अब्रू तुमच्या हातात.

तुमची,
वैभवी


सेंदाई
२९ डिसेंबर २०२४

प्रिय वैभवी,

मेतकूट सांडलं नाही. काल गरम भातावर घेतलं. तांदूळ इथलाच, चिकट, तरी चव बरीचशी घरची लागली.

तुझ्यामाझ्यात काही झालेलं नाही. हिवाळ्यात माझं काम वाढतं, इतकंच.

ओवीला सांग, आत्या डॉक्टर आहे, पण तिच्याकडे येणारे सगळे पेशंट आधीच मेलेले असतात. मी त्यांना बरं करत नाही, कशाने गेले ते शोधते. उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांवरून समुद्रपक्षी येतात, गोठलेले, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. फेब्रुवारीत होक्काइदोच्या किनाऱ्याला बर्फाचे तुकडे वाहत येतात, त्यांच्याबरोबर सील येतात, आणि त्यातले काही मेलेले असतात. मी त्यांच्यातले जंतू शोधते. एक आहे, नाव इतकं लांब की ओवीला पाठ करायला देऊ नकोस. तो माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात राहतो. माशाला काही करत नाही. पण सीलला जखम असली की तिच्यातून आत शिरतो, आणि पुढे कधी कधी हृदयाच्या झडपेपर्यंत पोचतो. पक्ष्यांचं आणखी कठीण. पक्षी आजार लपवतात. अशक्त दिसला की मोठे पक्षी टोचायला येतात, म्हणून ताप असतानाही तो बाकीच्यांसारखाच उभा राहतो, पंख साफ करतो, आणि एके सकाळी पडलेला सापडतो. अंगावर मांस असतं, पोटात मासा असतो. बाहेरून काही कळत नाही.

तर ताप येतो असं सांग. थर्मामीटर कुठे लावतात ते वर्गात न सांगितलेलं बरं.

तिच्यासाठी सोबत एक सीलचा दात पाठवते आहे. शिकवण्यासाठी ठेवलेल्या कवटीचा सुटलेला दात आहे, उकळून साफ केलेला. आडवा कापला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय मोजतात. हा कापलेला नाही. वय तिने मनाने ठरवावं.

संक्रांतीला बोलावू नकोस, जमणार नाही.

नयना


निशी-कसाई
२४ जानेवारी २०२५

नयनाताई,

तिळाच्या वड्या पाठवते आहे. या वेळी थोड्या कडक झाल्या, दात जपून. गोड बोला असं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही बोलतच नाही.

तुमचा दात ओवीच्या टेबलावर आहे. तिने त्याचं वय सत्तावीस ठरवलंय आणि नाव ठेवलंय तानाका-सान. रोज शाळेत जाताना "इत्तेकिमासु", जाऊन येते, म्हणून त्याला सांगून जाते. मला सांगायला विसरते.

इकडे माझी एक गंमत झाली. वांगं चिरताना डाव्या हाताच्या बोटाला सुरी लागली. लहानशी. पण आठ दिवसांनी बोट जांभळं-लाल झालं, आणि तो रंग कडेने हळूहळू सरकत पुढच्या पेरावर गेला. कड जराशी उचललेली. पू वगैरे काही नाही, नुसती आग, आणि ठणका इतका की रात्री हात उशीवर ठेवून झोपते. शिरीष क्लिनिकमध्ये बरोबर आला, भाषांतराला. डॉक्टरने विचारलं, कच्चं मांस, मासे हाताळता का? शिरीष हसलाच. म्हणाला, आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, ही तर सूपमध्ये माशाचा अर्क असला तरी पाकीट परत ठेवते. डॉक्टरही हसले. मलम दिलं.

मलमाने काही झालेलं नाही, पण होईल. तुम्हाला उगाच सांगितलं. हल्ली कुणाला सांगायचं म्हटलं की तुम्हीच आठवता. इथे शेजारच्या मराठी बायका आहेत, पण त्यांना एक सांगितलं की शनिवारच्या भिशीत त्याचे चार होतात.

वैभवी


सेंदाई
३ फेब्रुवारी २०२५

वैभवी,

तुझं पत्र वाचून मी लगेच फोन केला होता. शिरीषने उचलला, तू झोपली होतीस. त्याला जे सांगितलं ते त्याने तुला सांगितलं असेलच. तरी लिहिते, कारण सगळं त्याच्याशी बोलता आलं नाही.

तू वर्णन केलेलं बोट मी ओळखते. पू नाही, ठणका फार, रंग कडेने सरकतो. सील हाताळणाऱ्यांना हे होतं. पूर्वी शिकारी लोक ते बोट कापून टाकत. आता औषध आहे, म्हणून घाबरू नकोस, पण मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि सील हा शब्द सांग. शिरीषला मी जपानीत लिहून पाठवलंय, तेच दाखवा. दात घट्ट पिशवीत बंद करून ठेवायचा. ओवीचे हात रोज बघ.

दात उकळलेला आहे असं मी तुला लिहिलं. मी स्वतः तो उकळलेला नाही. कवटीबरोबर उकळला गेला असेल असं मी धरलं. दुसऱ्याने असं काही धरलं की मी ते खोडते.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला तुमच्याकडे आले होते तेव्हा तुझ्या बेसिनपाशी एक नवा लिंबाचा साबण होता, आणि शेजारी माझ्यासाठी वेगळा टॉवेल. आई फोनवर नेहमी म्हणायची, ती मेलेली जनावरं फाडते, आधी आंघोळ करून मग स्वयंपाकघरात येऊ दे. मला वाटलं तूही तेच म्हणते आहेस, फक्त न बोलता. मी हात धुतले, जेवले, आणि परतीच्या गाडीत ठरवलं की आता जायचं नाही. तू विचारलंस काही झालंय का, तेव्हा मी खोटं लिहिलं. पण आज वाटतं तुझंच बरोबर होतं. मी ते तुमच्या घरात आणलंच.

आमच्या संस्थेच्या सुरक्षा विभागाला मी हे कळवणार आहे. प्रयोगशाळेतली वस्तू नोंद न करता मी बाहेर पाठवली आणि एका माणसाला संसर्ग झाला, हे सांगणं मला भाग आहे.

नयना


निशी-कसाई
१५ फेब्रुवारी २०२५

नयनाताई,

कृपा करून कळवू नका.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरने तुमची चिठ्ठी दोनदा वाचली. सीलपासून असं काही होतं हे त्या बिचाऱ्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं. दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, त्यांनी पुस्तक काढलं, आणि गोळ्या दिल्या. त्या घेते आहे. फरक पडेलच. आत्ता रंग तळहाताकडे आलाय आणि संध्याकाळी थोडा ताप असतो, पण गोळ्यांना वेळ द्यावा लागतो ना.

ताई, दातामुळेच झालं असेल असं कशावरून? दुसरं काहीही असू शकतं. वांगंही होतं. तुम्ही इतक्या वर्षांनी त्या जागेवर पोचलात, एका दातासाठी स्वतःहून जाऊन काय सांगता? मला माझ्या बोटापेक्षा त्याचीच जास्त काळजी लागली आहे.

साबणाचं वाचून मला कसंतरी झालं. ते तसं नव्हतं. नीट सांगेन कधीतरी.

तुम्ही रोज संध्याकाळी फोन करता ते शिरीष सांगतो. मी शेजारीच असते. स्पीकरवर तुमचा आवाज ऐकते आणि "बरी आहे" म्हणते.

वैभवी


सेंदाई
२२ फेब्रुवारी २०२५

वैभवी,

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच मी कळवलं होतं. चौकशी संपेपर्यंत मी प्रयोगशाळेत जायचं नाही असं त्यांनी सांगितलंय. सगळे फार नम्रपणे बोलले. माझं ओळखपत्र घेताना विभागप्रमुख दोन्ही हातांनी घेऊन वाकले, भेटवस्तू घेतल्यासारखे.

किनाऱ्याला बर्फ लागलाय. सील आले असणार. माझ्या जागी दोघे विद्यार्थी गेलेत. मी घरी आहे. सायकल जिन्याखाली आहे, तिच्यावर बर्फ साचलाय आणि झटकायला काही कारण नाही. इथे आल्यापासून मला कामाशिवायचा आठवडा कसा असतो हे माहीत नव्हतं. सकाळी उठून मी डबा भरते आणि दुपारी टेबलावर बसून तोच खाते.

तुझा ताप मला आवडलेला नाही. या गोळ्यांनी एव्हाना रंग मागे हटायला हवा होता. हे असं वागणारा दुसरा एक जंतू आहे, ओवीला मी ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तोच, माशाच्या अंगावरचा. त्याच्यावर या गोळ्यांचा भरवसा नाही, पेनिसिलिनच लागतं, आणि उशीर झाला तर हृदयापर्यंत जाण्याची भीती असते. पण तो कोळ्यांना होतो, मासे कापणाऱ्यांना होतो. तुझा तो प्रश्नच नाही. म्हणून मला काही सुचत नाही. शिरीषला म्हणावं सोमवारी पुन्हा घेऊन जा.

नयना


एदोगावा, हॉस्पिटलमधून
४ मार्च २०२५

नयनाताई,

उजव्या हातात सुई आहे, म्हणून अक्षर असं. त्या सुईतून पेनिसिलिन जातंय. ताप उतरलाय. हृदयाची तपासणी झाली, ते ठीक आहे. हे आधी सांगितलं, आता बाकीचं.

तुमचा दात मी हातात घेतलेलाच नाही. एकदाही नाही. मला अशा वस्तूंची किळस वाटते, टेबल पुसतानासुद्धा मी त्याच्या कडेने पुसायचे.

मी मासे कापते. भाजीत मी पहिले काही महिनेच होते. मग मासळी विभागाच्या कोबायाशी-सान एकदा माझा कोबी चिरताना बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हा हात इकडे दे. तिकडे माणसं कमी होती. मी नाही म्हणणार होते. ताई, जपानीतलं मी शिकलेलं पहिलं अक्षर माशाचं, तेही कशासाठी, तर पाकिटावर दिसलं की पाकीट परत ठेवता यावं म्हणून. पहिल्या दिवशी मागच्या दारापाशी जाऊन ओकले. दुसऱ्या आठवड्यात बांगड्याचा काटा एका ओढीत अख्खा बाहेर आला आणि कोबायाशी-सान म्हणाल्या, "ओ." एवढंच. पण लग्नानंतर माझ्या कुठल्याही कामाला कुणी "ओ" म्हटलं नव्हतं. मला ते काम आवडतं, ताई. मी अजूनही मासे खात नाही, खाणारही नाही. पण कापायला आवडतात.

साबण माझा होता. हाताचा वास जावा म्हणून दुकानातल्या बायका लिंबाचा वापरतात. दिवाळीच्या गडबडीत तो बेसिनवर विसरला. टॉवेल तुम्हाला नवा द्यावा म्हणून ठेवला होता. तुम्ही बाहेर येऊन हात पुसत उभ्या राहिलात तेव्हा मी लांब सरकले, ते माझ्या हाताचा वास तुम्हाला येईल म्हणून. तुम्हाला तो नक्कीच ओळखू आला असता.

तुम्ही सीलचं पोट फाडता आणि शिरीष चारचौघांत कौतुकाने सांगतो. मी बांगडा साफ करते हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. तुम्ही लिहिलंत की तो प्रश्नच नाही, आणि त्या ओळीवर मी दुपारभर बसून राहिले. औषध चुकतंय, तुम्ही घरी बसला आहात, आणि दोन्ही माझ्या एका शब्दावर अडलंय.

सोमवारी डॉक्टरने परत तेच विचारलं. शिरीष सवयीने "नाही" म्हणायला लागला. मी मधेच म्हटलं, "साकाना. माइनिची." डॉक्टर तोपर्यंत शिरीषकडे बघून बोलत होते, ते माझ्याकडे वळले.

शिरीष म्हणाला, "काय म्हणालीस?"

"मासे म्हणाले. रोज."

"कुठे?"

"दुकानात. कापते."

त्याने भाषांतर थांबवलं. बाकीचं मी आणि डॉक्टरांनी माझ्या मोडक्या जपानीत केलं. खूप वेळ लागला, पण झालं. ओवीला संध्याकाळी सांगितलं तर ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "शित्तेता." म्हणजे तिला माहीत होतं. मैत्रिणीबरोबर दुकानात आली होती, काचेपलीकडे पांढऱ्या टोपीत मी दिसले. म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तू बोलत नव्हतीस ना." हे मात्र मराठीत.

शिरीष रोज खिचडी घेऊन येतो. डबा ठेवतो, खिडकीशी उभा राहतो. काल म्हणाला, "इतकी वर्षं मी तुझं सगळं भाषांतर करत होतो." आईंना सांगायचं का, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, सांग. अजून सांगितलेलं नाही असं दिसतंय, कारण आईंचा फोन येतो आणि त्या मला वांगी जपून चिर म्हणतात.

डॉक्टरांचं पत्र आणि दुकानाचं पत्र सोबत आहे. तुमच्या ऑफिसात द्या. त्यात माझं नाव आणि काम दोन्ही लिहिलंय. लिहू द्या. कोबायाशी-सान भेटून गेल्या, काट्याने भोसकले जाणार नाहीत असे हातमोजे मागवलेत म्हणाल्या, आणि एप्रिलपासून येशील ना. मी हो म्हटलं. शिरीष खिडकीशी होता, त्याला विचारलं नाही.

तुमचा बर्फ गेला का, ताई?

वैभवी


सेंदाई
११ एप्रिल २०२५

प्रिय वैभवी,

बर्फ गेला. कागदपत्रं पोचायला, सह्या व्हायला मार्च संपला, आणि मला ओळखपत्र परत मिळालं तेव्हा किनारा मोकळा झाला होता. विद्यार्थ्यांनी काम चांगलं केलंय. दात नोंद न करता बाहेर पाठवल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती योग्य आहे. संसर्गाचा दोष माझ्यावर नाही असंही लिहिलंय. या सगळ्याबद्दल तुझ्यावर राग आहे का, असं तू विचारलेलं नाहीस, पण मी स्वतःला विचारून बघितलं. एक हंगाम गेला त्याचं वाईट वाटतं. राग नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. सील हाताळणाऱ्यांना होणारा तो जंतू जुन्या, कोरड्या दातात टिकणं जवळजवळ अशक्य आहे. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. तरी तुझं बोट जांभळं झालं हे वाचताक्षणी मी ठरवून टाकलं की माझ्यामुळेच झालं. तुला साधं इतकंही विचारलं नाही की दुकानात तू काय करतेस. तू शाकाहारी आहेस हे शिरीषने धरलं तसंच मीही धरलं, आणि वर माझं मत घातलं, की मी जिथे जाते तिथे काहीतरी घेऊन जाते. पुराव्याआधी निकाल. आईचं ते एक वाक्य मी इतकी वर्षं तपासायला घेतलंच नव्हतं.

शिरीषबद्दल मी काय सांगणार. लहानपणी तो रुसला की पलंगाखाली जाऊन बसायचा आणि आपण होऊनच बाहेर यायचा. कुणी काढायला गेलं की आणखी आत सरकायचा. त्याला खिडकीशी उभा राहू दे.

आता जे लिहिते ते फोनवर मला बोलता आलं नसतं. फेब्रुवारीत मी घरी बसले होते तेव्हा रोज संध्याकाळी सहा वाजले की तुमच्याकडे फोन करायचे. मनात भीती असायची, अपराधी वाटायचं, जेवण जायचं नाही. पण दिवसभर त्या फोनची वाटही बघायचे. मागून तुमचा कुकर ऐकू यायचा, ओवी काहीतरी ओरडायची, तू "बरी आहे" म्हणायचीस. तुझी रोज चौकशी करायचा मला हक्क होता. गुन्हेगाराचा का होईना, हक्क होता.

मग तुझं पत्र आलं. मी सुटले. खरोखर सुटल्यासारखं वाटलं, खूप दिवसांनी झोप लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला, शिरीष "ताप नाही" म्हणाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. नंतर विचारायला काही राहिलं नाही, म्हणून मी थांबवलं. आता काम सुरू झालंय, पक्ष्यांच्या पिशव्या रांगेत आहेत, मी उशिरा घरी येते. सायकल लावते, दिवा लावते, आणि दर वेळी हात फोनकडे जातो. मग आठवतं की तू बरी आहेस.

तू बरी आहेस, दोष माझा नाही, हंगामही संपला. विचारायला काही कारण नाही. तरी विचारते. फोन स्पीकरवर असेल तर असू दे, शिरीष ऐकत असेल तर ऐकू दे. सोमवारपर्यंत हे पत्र पोचेल, तेव्हा सहा वाजता करते.

आज दुकानात कुठले मासे आले होते?

नयना